लाल निघालं

मी मुळात भित्री आहे, आणि भीती वाटली की मी भांडते. घरच्यांना हे पाठ आहे. मी आवाज चढवला की आई आधी विचारते, "काय झालं? कशाले भ्यायली?" ग्राफिक्स कार्डावरून मी आणि माझा धाकटा भाऊ कित्येक महिने भांडलो, त्याच्या मुळाशीही भीतीच होती. सुरुवातीला ती लहान होती, एवढंच.

माझं काम असं की रायपूर-दुर्गचे बिल्डर मला नकाशे पाठवतात आणि मी कॉम्प्युटरवर न बांधलेल्या घरांची चित्रं करते. चकचकीत फरशी, खिडकीतून आलेलं कोवळं ऊन, सोफ्यावर कधीच न भांडणारं कुटुंब. हे सगळं मी सेक्टर सहामधल्या आमच्या क्वार्टरच्या मागच्या खोलीत बसून करते, जिथं भिंतीला पोपडे आहेत आणि ऊन कोवळं कधीच नसतं. असली चित्रं कॉम्प्युटर ज्याच्या जिवावर काढतो ते ग्राफिक्स कार्ड. माझं म्हातारं झालं होतं. उन्हाळ्यात त्याचे पंखे असे घरघरायचे की शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, घरी पिठाची चक्की लावली का म्हणून. एखाद्या दिवशी भर कामात ते मरेल आणि माझे बिल्डर दुसऱ्याकडे जातील, याची मला धास्ती होती.

महागड्या कार्डांच्या बाजारात दोनच पंथ. एका कंपनीचा रंग हिरवा, दुसरीचा लाल. त्यांची खरी नावं घ्यायचा आम्हाला कंटाळा, म्हणून आमच्या घरात नुसतं लाल आणि हिरवं. मी हिरव्याची, भाऊ लालचा.

भाऊ नंदिनी रोडकडच्या एका खासगी रोलिंग मिलमध्ये, म्हणजे लोखंड रोलरखाली लाटायच्या कारखान्यात, इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडली की तिच्या पोटात शिरायचं आणि ती दुरुस्त करायची. दिवसभर यंत्रांत राहून आलेल्या माणसानं घरी तरी दुसरं काही बोलावं की नाही? पण हा हातपाय धुतले की माझ्या खोलीत येऊन पलंगावर फतकल मारायचा.

"ताई, लाल घे. तेवढ्याच पैशात मेमरी किती जास्त देऊन राहिले पाह्य."

"माझं सॉफ्टवेअर हिरव्यावर पळते. लालवर लंगडते."

"लंगडत होतं. नवीन लाल येऊन राहिलं ना, त्यात सगळं सुधारलं म्हणते. थांब थोडी."

"कोण म्हणते?"

"सगळेच म्हणते."

सगळे म्हणजे व्हिडिओत उलटी टोपी घालून बडबडणारे त्याचे गुरुजी. आणि 'थांब' हा त्याचा मंत्र. नवीन निघालं की जुन्याची किंमत पडते, म्हणून आज घेणारा मूर्ख. नवीन निघाल्याबरोबर घ्यावं तर त्याच्या पुढच्याची बातमी येते, म्हणून तेव्हा घेणाराही मूर्ख. मी त्याला सांगितलं, तुझ्या हिशेबानं कार्ड घ्यायची खरी वेळ म्हणजे माणूस मेल्यावर. थांबला तो संपला, हे आपल्यात उगीच म्हणत नाहीत. तो म्हणाला, "आणि उतावळा नवरा, गुडघ्याले बाशिंग, हे कोणात म्हणते?" आईनं स्वयंपाकघरातून दोघांनाही एकच शिवी दिली.

आमच्या बोलण्यात हिंदी कुठून शिरते ते आम्हालाही कळत नाही. बाजारात नवा माल आला की इथं 'निकला' म्हणतात, म्हणून आम्हीही 'निघालं' म्हणायचो. एका संध्याकाळी मी कणीक मळता मळता ओरडून विचारलं, "काय रे, लाल निघालं का?" आणि तो खोलीतून ओरडला, "नाही निघालं अजून. पुढच्या महिन्यात निघते."

व्हरांड्यात बाबा पेपर वाचत होते. ते पेपर तिथंच टाकून आत आले.

"कोणाचं लाल काढलं?" त्यांनी विचारलं. "कोणी काढलं?"

बाबा स्टील प्लांटातून रिटायर झालेले इलेक्ट्रिशियन. त्यांच्या दुनियेत लाल कार्ड एकच. मशीनमध्ये माणूस शिरणार असला की आधी तिचा स्विच पाडायचा आणि त्या स्विचला लाल कार्ड अडकवायचं. कार्ड लटकतंय तोवर आत कोणीतरी आहे, असं समजायचं. आणि ज्यानं लावलं त्यानंच ते काढायचं. साहेब असो की साहेबाचा साहेब, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. हा नियम बाबांनी घरीही आणला होता. पंखा उघडायचा असला तरी मेन बोर्डवर लाल कार्ड. एकदा ते ट्यूबलाइटचं काम अर्धवट सोडून, कार्ड तसंच ठेवून होल्डर आणायला पावर हाउसच्या बाजारात गेले आणि तिथं कोणी जुना दोस्त भेटला म्हणून रमले. आईनं भर उन्हाळ्याची दुपार पुठ्ठ्यानं वारा घेत काढली, पण कार्ड काढलं नाही. आल्यावर बाबांना जे ऐकवलं ते वेगळं.

आम्ही हसत हसत त्यांना समजावलं की बाबा, हे कॉम्प्युटरचं कार्ड, लाल कंपनीचं, निघालं म्हणजे दुकानात आलं. बाबा हसले नाहीत.

"त्या शब्दाची मजाक नाही करायची," ते म्हणाले. "प्लांटात लागायच्या आधी मी नागपूरकडे एका बारक्या कारखान्यात होतो. तिथं एकाचं लाल निघालं होतं. तो आत होता."

एवढं बोलून ते पाणी प्यायला गेले. पुढे आम्ही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्यासमोर आम्ही 'आलं' म्हणू लागलो, पण आपसात आमचं 'निघालं' सुरूच होतं. मला मात्र त्या दिवसापासून एक नवी भीती चिकटली. भाऊ रोज कशात शिरतो याचा मी तोवर कधी विचारच केला नव्हता. आता तो सकाळी डबा उचलायचा तेव्हा मी कशावरून तरी त्याच्याशी भांडण काढायची.

त्यानंतरच्या नवतप्यातला, उन्हाळ्याच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांतला, तो दिवस. तुळशीची मातीसुद्धा भाजून निघाली होती. सकाळी भाऊ बूट घालता घालता म्हणाला, "आज शटडाउन आहे. फोन नको करजो." शटडाउन म्हणजे मिल बंद ठेवून सगळी दुरुस्ती एकदम उरकायची. मी म्हटलं, "तुले फोन करायले मी काय रिकामी बसली?" तो गेला.

दुपारी आई-बाबा जेवायला बसले होते. मी मागच्या खोलीत एका बंगल्याच्या जिन्याला उजेड देत होते. मोबाइल वाजला. भावाचा मेसेज. दोनच शब्द.

लाल निघालं.

मी खुर्चीतून उडालेच. आमचं ठरलं होतं की निघाल्याबरोबर त्यानं बुकिंग सुरू करायचं, कारण असला माल बघता बघता संपतो, आणि लाल का होईना, एकदाचं नवं कार्ड घरात यावं इतकी मी टेकीला आले होते. मी लिहिलं, "शेवटी! आता अजिबात थांबू नको. कर चालू!" आणि ओरडत बाहेर गेले, "आई, लाल निघालं एकदाचं!" बाबा समोर बसलेत याचं भानच राहिलं नाही.

बाबांचा घास हातातच राहिला.

"काय लिहिलं त्यानं? जसंच्या तसं वाच."

मी वाचलं.

"बाबा, ते कॉम्प्युटरचं. तुमचं नाही."

"मंग पाह्य, खरंच निघालं का ते."

मी मोबाइलवरच शोधलं. एक साइट, दुसरी साइट, भावाच्या टोपीवाल्या गुरुजींचं पान. कुठंच काही नव्हतं. सगळीकडे तेच, अजून वाट पाहा. मी पुन्हा पुन्हा पान ताजं करत होते. मग फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. परत वाजत राहिला.

"मजाक केली असेल त्यानं माझी," मी म्हटलं.

"शटडाउनात आहे तो," बाबा म्हणाले. "शटडाउनात कोणी मजाक नाही करत."

त्यांनी ताटातच हात धुतला. आयुष्यात कधी त्यांनी असं केलं नव्हतं, ताटात हात धुणाऱ्याला ते दरिद्री म्हणत. आई उठून उभी राहिली आणि कोणाला काही न विचारता देवाजवळ जाऊन बसली. मी स्कूटर काढली.

रेल्वेलाइन ओलांडून पावर हाउसपर्यंतचा रस्ता मला नीट आठवत नाही. गरम वारा तोंडावर येत होता आणि मागे बाबांचा हात माझ्या खांद्यावर होता. पावर हाउसला नेहमीसारखी गर्दी. लोक रसाच्या गाडीपाशी उभे, एक बाई बादलीचा भाव करतेय, आणि मला त्या सगळ्यांचा राग आला, की यांना काहीच कसं झालेलं नाही. एक ऑटोवाला मध्ये आडवा झाला, त्याला मी हिंदीत असं काही बोलले की तो गप्पच झाला. बाबा मागून म्हणाले, "हळू. हळू चालव." पण हळू गेलेलं त्यांनाही नको होतं.

आणि सगळ्या रस्ताभर माझ्या डोक्यात माझंच उत्तर. अजिबात थांबू नको. कर चालू. मी ते कुणाला लिहिलं होतं? तो फोन आत्ता कुठं पडला असेल? सिग्नलला थांबून मी पाहिलं, मेसेजखालच्या खुणा निळ्या झालेल्या नव्हत्या. त्यानं वाचलं नव्हतं.

मिलच्या फाटकावर गार्डनं हात आडवा केला. "भीतर नइ जा सकव मैडम, शटडाउन चलत हे."

मी भांडायला लागले. माझा भाऊ आत आहे, मला जाऊ दे, तुझा साहेब कोण, फोन लाव त्याला. गार्ड बिचारा वहीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं पाहत होता. बाबांनी मला बाजूला केलं. ते त्याच्या अगदी जवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "भैया, बस इतना बता दो. एम्बुलेंस आई थी क्या?"

मी फाटकाचा गज धरला. तो उन्हानं तापलेला होता तरी सोडला नाही.

गार्डनं बाबांकडे नीट पाहिलं. "नहीं बाबूजी. एम्बुलेंस नहीं आई." मग त्यानं आत फोन लावला, भावाचं नाव सांगितलं आणि पलीकडचं ऐकून म्हणाला, "आ रहा है."

येतोय म्हणजे चालत येतोय का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. बाबा नालीच्या कठड्यावर बसले. आम्ही बसून राहिलो. आत कुठंतरी घण पडत होता, तो थांबला की माझा श्वास थांबायचा.

भाऊ चालतच आला. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा, काळा झालेला. हातात हेल्मेट. तो बाबांच्या शेजारी कठड्यावर बसला. बाबांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले, उलटेसुलटे करून पाहिले, लहान पोराची नखं पाहावी तसे, आणि मग विचारलं, "कोणी काढलं?"

"दुसऱ्या गँगनं. त्याइचं काम झालं होतं. बाजूबाजूचे दोन स्विच. सगळे कार्ड सारखेच दिसते बाबा, नाव खडूनं लिहिलेलं, पुसलं होतं. त्याइनं आपलं समजून माझं काढलं."

स्विचला कुलूप का नव्हतं, असं बाबांनी विचारलं. भाऊ म्हणाला, कुलूप लावायचा नियम आहे, पण किल्ली सापडत नव्हती, म्हणून नुसतं कार्ड लावलं होतं. बाबांनी डोळे मिटले.

पुढचं त्यानं तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. तो रोलरच्या खाली होता. चालू करायच्या आधीचा हूटर वाजला, तो त्याला दुसऱ्या लाइनचा वाटला. मग त्याच्या डोक्यावरच्या मोटरचा पंखा फिरायला लागला. मोटर थंड ठेवणारा पंखा आधी सुरू होतो, मागून मोटर. तो आवाज ओळखीचा होता म्हणून त्याला कळलं. तो सरपटत निघाला, बूट कुठंतरी अडकला, त्यानं बुटातून पाय ओढून घेतला. पॅनलवर आज जो होता त्याला हूटर दिल्यावर जरा थांबायची सवय आहे. बाकीचे ऑपरेटर त्याची त्यावरून थट्टा करतात.

"मी भाईर आलो आन् रोलर फिरले," भाऊ म्हणाला. "बूट गेला."

मग तो बाकावर बसला आणि फोन काढला. मला लिहायला घेतलं. दोन शब्द झाले आणि पुढं बोटंच चालेनात. तेवढ्यात साहेबानं सगळ्यांना ऑफिसात बोलावलं, फोन बाकावरच राहिला.

"मले वाटलं तुले समजन," तो मला म्हणाला. "बाबाची पोरगी आहेस ना तू."

आता त्यानं खिशातून फोन काढला. मी म्हटलं, नको वाचू. पण त्यानं वाचलंच. अजिबात थांबू नको. कर चालू. त्याला आधी हसू आलं, खरंखुरं हसू, आणि ते हसू मध्येच कुठंतरी वाकडं झालं. बाबांनी त्याच्या हातातून फोन काढून घेतला, स्वतः वाचलं आणि स्वतःच्या खिशात ठेवला. मी त्या नंदिनी रोडच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांसमोर, मोठमोठ्यानं रडले.

घरी आईनं मोहरी-मिरच्यांनी त्याची दृष्ट काढली आणि म्हणाली, "काळ आला होता, वेळ नव्हती आली." कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. संध्याकाळी कूलरमध्ये पाणी भरून भाऊ नेहमीसारखा माझ्या खोलीत आला, पलंगावर बसला आणि म्हणाला, "दाखव, काय नवीन आहे."

मी काहीतरी उघडलं. "मी तं हिरवंच घेणार," मी म्हटलं.

"मी म्हणतो..." तो म्हणाला, आणि त्याच्याच्यानं 'लाल' म्हणवेना.

दारात बाबा उभे होते. प्लास्टिकची खुर्ची घेऊन आत आले आणि आमच्यामध्ये बसले. या खोलीत ते पंखा दुरुस्त करायलाच काय ते यायचे.

"बोला ना," ते म्हणाले. "थांबले कावून? हिरव्यात काय जास्त असते?"

भाऊ सांगायला लागला. आधी अडखळत, मग जरा सुरात. हिरव्यात उजेडाचा हिशेब लवकर होतो, पण मेमरी मोजून देतात. दुसऱ्यात मेमरी भरपूर, पण ताईचं सॉफ्टवेअर त्याला सावत्र वागवतं. बाबा मान हलवत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "आन् तू म्हणतं की थांबावं."

"हो. थांबलं तं फायदाच असते, बाबा. जो थांबते त्याले चांगलं भेटते."

"मंग थांब ना," बाबा म्हणाले. "घरी. दुसरं काम भेटेपर्यंत."

माझ्या जुन्या कार्डाचे पंखे तेवढे घरघरत होते. थांबण्याच्या बाजूनं बोलायला भावाकडे नेहमी दहा मुद्दे असायचे. मला वाटलं, आता तो हो म्हणेल. मी मनातल्या मनात त्याला हात जोडत होते.

"उद्याही शटडाउन आहे बाबा," तो म्हणाला. "मी थांबलो तं माझ्या जागी दुसरा शिरन. नवीन माणूस आहे तो. त्याले पंख्याचा आवाज नाही ओळखता येत."

मी भांडायला तोंड उघडलं. काहीच आलं नाही. इतकी भीती मला दुपारी रस्त्यावरही वाटली नव्हती, कारण दुपारी जे व्हायचं ते होऊन गेलेलं होतं, आणि हे उद्याचं होतं. मी बाबांकडे पाहिलं. वाटलं, ते तरी रागावतील, बाप म्हणून नाही म्हणतील. ते त्याच्या पायाकडे पाहत होते, ज्या पायातला बूट गेला होता त्या पायाकडे.

"कुलूप मी देतो माझं," शेवटी ते म्हणाले. "किल्ली तुझ्या खिशात ठेवजो." आणि खुर्ची पुढे ओढून, "बरं. ते हिरव्याचं सांग."

भाऊ पुन्हा सांगू लागला. बाबा मध्येच काहीतरी भलतंच विचारायचे, म्हणजे त्याला परत पहिल्यापासून सांगावं लागायचं.